क्वांटमचं बिल कोण भरणार?

लिथियम हायड्राइड. एक लिथियम, एक हायड्रोजन, संपला रेणू. २०१७ साली आयबीएमच्या संशोधकांनी या रेणूची ऊर्जा क्वांटम कॉम्प्युटरवर काढून दाखवली. पुढे २०२१ च्या मे महिन्यात त्याच कंपनीने सांगितलं, की क्लाउडवरून नेहमीच्या रीतीने हा हिशेब करायला ४५ दिवस लागतात, तो आता आम्ही ९ तासांत करतो. म्हणजे १२० पट वेग!

बातमी वाचून कुणालाही वाटेल की मशिनच १२० पट फास्ट झालं. तसं नाहीये. चिप सुधारली होती, अल्गोरिदमही सुधारला होता, पण एक महत्त्वाचा वाटा होता हेलपाटे वाचवण्याचा. आधी काय व्हायचं, तर आपला साधा कॉम्प्युटर एक सर्किट इंटरनेटवरून पाठवायचा, ते रांगेत उभं राहायचं, उत्तर परत यायचं, मग साधा कॉम्प्युटर जरा विचार करून पुढचं सर्किट पाठवायचा. परत रांग. एका सहीसाठी ऑफिसच्या खिडकीशी चार वेळा जाऊन आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नव्या व्यवस्थेत हा साधा प्रोग्रॅमच क्वांटम मशिनच्या शेजारी नेऊन बसवला. झालं!

हे सगळं सांगायचं कारण असं, की हल्ली प्रोजेक्टच्या नावात 'क्वांटम' शब्द टाकायची फॅशन आली आहे. फॅशनला माझा विरोध नाही. एआयसीटीईने २०२४ च्या डिसेंबरमध्ये क्वांटम टेक्नॉलॉजीचा मायनर अभ्यासक्रमसुद्धा आणला, त्यामुळे हे वाढतच जाणार. पण हे रिपोर्ट वाचताना एक गोष्ट खटकते. उत्तर असतं, ग्राफ असतो, रंगीत सर्किट असतं, आणि ते उत्तर मिळवायला किती खर्च आला असता याचा एक शब्दही नसतो. मेसच्या सेक्रेटरीने महिन्याअखेरीस नुसता मेन्यू वाचून दाखवावा आणि हिशेबाची वही दाखवूच नये, तसं. व्हेरिएशनल अल्गोरिदमच्या बाबतीत तर ही वही म्हणजेच निम्मा विषय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. शाळेत माझी मराठी थर्ड लँग्वेज होती, त्यामुळे शुद्ध पारिभाषिक शब्दांची अपेक्षा माझ्याकडून करू नका. 'पॅरामीटर'ला 'प्राचल' म्हणतात हे मला हा लेख लिहितानाच कळलं. मी पॅरामीटरच म्हणणार.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींना रेले-रिट्झ मेथड माहीत असते. बीमची नॅचरल फ्रिक्वेन्सी काढायची असते, बीम नेमका कसा वाकेल ते माहीत नसतं, म्हणून एक आकार अंदाजाने धरायचा. अंदाज कितीही वाईट असला तरी सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीचं उत्तर खऱ्याच्या वरच राहतं, खाली कधी जात नाही. म्हणून आकारातले आकडे बदलत बदलत उत्तर जितकं खाली आणता येईल तितकं आणायचं. क्वांटममध्ये हेच तत्त्व रेणूच्या सर्वांत कमी ऊर्जेला लावतात. अंदाजाचा 'आकार' क्वांटम सर्किट तयार करतं, ऊर्जा क्वांटम मशिन मोजतं, आणि पॅरामीटर कुठल्या बाजूला किती फिरवायचे ते साधा कॉम्प्युटर ठरवतो. २०१४ साली अल्बर्टो पेरुझो आणि सहकाऱ्यांनी ब्रिस्टलला प्रकाशकणांच्या चिपवर हीलियम-हायड्रोजनच्या आयनासाठी हे पहिल्यांदा करून दाखवलं. त्याच वर्षी एमआयटीत फार्ही, गोल्डस्टोन आणि गुटमन यांनी याच जातीचा अल्गोरिदम ऑप्टिमायझेशनच्या कोड्यांसाठी मांडला. तो 'क्यूएओए' या नावाने ओळखला जातो.

ऐकायला फार सोपं वाटतं. तंबोरा लावताना खुंटी पिळायची, ऐकायचं, परत पिळायची, त्यातलाच प्रकार. फक्त या तंबोऱ्याची एक गंमत आहे. तार एकदा छेडली की तुटते! क्यूबिट मोजले की त्यांची अवस्था संपली. हातात येतात फक्त काही शून्यं आणि एक. पुन्हा ऐकायचं तर सर्किट पहिल्यापासून चालवायचं. अशा एका चालवण्याला 'शॉट' म्हणतात, आणि ऊर्जा ही सरासरी असल्यामुळे एका शॉटने काहीच कळत नाही. हजारो लागतात.

किती हजार? इथे आपल्या एम-थ्रीवाल्या स्टॅटिस्टिक्सचा जुना नियम येतो. चूक शॉट्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. चूक निम्मी करायची तर शॉट चौपट, एक दशांश करायची तर शंभर पट. रसायनशास्त्रात उपयोगी पडायचं तर उत्तर साधारण १.६ मिलिहार्ट्रीच्या आत यावं लागतं, म्हणजे मोलमागे सुमारे १ किलोकॅलरी. एका शॉटच्या उत्तराचा पसारा १ हार्ट्री धरला, तर १ भागिले ०.००१६, त्याचा वर्ग, म्हणजे ३,९०,६२५ शॉट. हे ऊर्जेच्या एका वाचनाचे. आता समजा सर्किटमध्ये २० पॅरामीटर आहेत. प्रत्येकाचा उतार काढायला दोन वाचनं, म्हणजे एका पावलाला ४०. अशी १०० पावलं टाकली तर ४००० वाचनं. एकूण १५६ कोटी २५ लाख शॉट.

एका शॉटला २५० मायक्रोसेकंद धरले तर मशिन साडेचार दिवस अखंड चालेल. पैशांत बघायचं असेल तर २०२४ चा एक दर घ्या. ॲमेझॉनच्या ब्राकेट सेवेवर आयनक्यू कंपनीच्या एरिया मशिनला प्रत्येक कामामागे ३० सेंट आणि प्रत्येक शॉटमागे ३ सेंट पडत. डॉलर ८४ रुपये धरून नुसत्या शॉट्सचे होतात सुमारे ३९४ कोटी रुपये. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ ला आठ वर्षांसाठी मंजूर केलेली रक्कम आहे ६००३.६५ कोटी. म्हणजे असे पंधरा हिशेब केले की मिशन संपलं! मान्य आहे, आकडे मी मुद्दाम गोल आणि ढोबळ घेतलेत आणि इतक्या बावळटपणे कुणी चालवणारही नाही. पण 'बावळटपणे न चालवणं' म्हणजे नेमकं काय, हाच तर सगळा विषय आहे.

त्यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हायड्रोजनच्या रेणूवर कागद-पेन्सिलीने करून बघता येते. सगळ्यात साध्या मांडणीत हायड्रोजनला ४ क्यूबिट लागतात आणि ऊर्जेचं सूत्र १५ पदांचं होतं. त्यातलं एक पद नुसता स्थिरांक, ते मोजायची गरज नाही. उरली १४. सरळमार्गी माणूस १४ वेगवेगळी सर्किटं चालवेल. पण नीट बघितलं तर यातल्या १० पदांत फक्त झेड आहे, ती सगळी एकाच मोजणीतून निघतात. उरलेल्या ४ पदांत एक्स आणि वाय मिसळलेले आहेत, त्यांना एकेक सर्किट. झाली ५. आणि अजून खोलात गेलं तर ती चारही पदं एकमेकांशी कम्यूट होतात! मोजण्याआधी सर्किटच्या शेवटी थोडी गेट्स वाढवली की चारही एकत्र मोजता येतात. म्हणजे फक्त २ सर्किटं.

आता वरचाच दर लावा, प्रत्येक सर्किटला १००० शॉट. १४ सर्किटांनी ऊर्जेच्या एका वाचनाला ४२४ डॉलर, ५ सर्किटांनी १५१, आणि २ सर्किटांनी ६०. शंभर वाचनांचा खर्च ३५ लाखांवरून ५ लाखांवर आला. मशिन तेच, रेणू तोच, नवीन चिप नाही की नवीन फ्रीज नाही. सेकंड इयरचं मॅट्रिक्स अल्जिब्रा फक्त! अर्थात वाढवलेली गेट्स फुकट नसतात. दोन क्यूबिटांचं प्रत्येक गेट थोडा गोंधळ आणतंच, आणि आजच्या मशिनवर कधी कधी पाचाचा मार्ग दोनापेक्षा बरा ठरतो. हे ठरवायला दोन्ही करून बघावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

दुसरी जागा म्हणजे ऑप्टिमायझर. वर एका पावलाला ४० वाचनं धरली, कारण प्रत्येक पॅरामीटर वेगळा हलवला. जेम्स स्पॉल यांनी १९९२ च्या पेपरमध्ये मांडलेली एसपीएसए नावाची पद्धत सगळे पॅरामीटर एकदम, नाणं उडवून, पुढे किंवा मागे हलवते. पॅरामीटर वीस असोत की दोनशे, वाचनं दोनच. क्वांटमशी या पद्धतीचा काडीचा संबंध नव्हता, तरी २०१७ च्या लिथियम हायड्राइडच्या प्रयोगात आयबीएमने हीच वापरली. यात पावलं झिंगलेल्या माणसासारखी पडतात आणि जास्त पडतात, पण एकूण जमाखर्चात बरेचदा फायदा होतो.

तिसरी गोष्ट इतकी साधी आहे की ती लिहायलासुद्धा संकोच वाटतो. सुरुवातीच्या पावलांना इतके शॉट कशाला? डोंगराच्या माथ्यावर असताना उतार कुठे आहे ते अंधुक दिसलं तरी पुरतं. दरीच्या तळाशी पोचल्यावर बारीक बघायचं. म्हणून आधी शंभर-दोनशे शॉट, पुढे वाढवत न्यायचे. तसंच ज्या पदाचा गुणक मोठा त्याला जास्त शॉट, ज्याचा किरकोळ त्याला कमी. सगळ्यांना १००० हा आकडा आला कुठून? कुठल्या तरी ट्युटोरियलमध्ये असलेला आकडा आपण जर्नलमध्ये तसाच उतरवतो, आणि ओरल्सला एक्स्टर्नलही विचारत नाहीत.

चौथी म्हणजे सुरुवात कुठून करायची. रेणूतलं अंतर थोडं थोडं वाढवत ऊर्जेचा वक्र काढायचा असेल, तर मागच्या अंतराला सापडलेले पॅरामीटर पुढच्याला सुरुवात म्हणून द्यावेत. क्यूएओएमध्ये तर याहून मोठी सवलत आहे. २०१८ साली फार्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकाच प्रकारच्या वेगवेगळ्या कोड्यांना तेच पॅरामीटर जवळपास तितकंच चांगलं उत्तर देतात. म्हणजे लहान कोड्यावर, आपल्या लॅपटॉपवर, फुकटात पॅरामीटर शोधा आणि मोठ्या कोड्यासाठी महाग मशिनवर न्या. मागच्या बॅचच्या नोट्स कशा खाली उतरत येतात, तसे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण काटकसरीची मर्यादा सांगितली नाही तर मीही मेन्यूच वाचून दाखवला असं होईल.

२०१८ साली गूगलमधल्या जॅरड मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी एक नकोशी गोष्ट सिद्ध केली. सर्किट पुरेसं खोल असेल आणि पॅरामीटर कसेही, अंदाजपंचे धरले, तर क्यूबिट वाढतील तसा उतार घातांकी वेगाने शून्याकडे जातो. चहूकडे सपाट माळरान! ५० क्यूबिटला ढोबळ हिशेब केला तर तो उतार नुसता जाणवायला २ चा ५० वा घात इतके शॉट लागतील, म्हणजे ११ वर १४ शून्यं. शॉटला २५० मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ८९०० वर्षं. इथे पदांची गटवारी करा, एसपीएसए वापरा, मशिनच्या मांडीवर जाऊन बसा, काही उपयोग नाही. मुळात सर्किटच त्या प्रश्नाचा विचार करून बांधलेलं पाहिजे. म्हणून 'हार्डवेअरला सोयीचं' म्हणून कुठलंही सर्किट कॉपी-पेस्ट करायचं आणि वर खर्च कमी करायच्या युक्त्या लावायच्या, हे मला गळक्या टाकीखाली बादली बदलत बसण्यासारखं वाटतं.

त्यात आणखी एक मेख आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मार्को सेरेझो आणि बऱ्याच जणांनी मिळून एक पेपर टाकला. त्यांचं म्हणणं असं, की माळरान नाही असं जिथे जिथे सिद्ध करता येतं, तिथे बरेचदा तो हिशेब साध्या कॉम्प्युटरलाही जमतो. मग क्वांटमची गरजच काय? यावर वाद चालू आहे आणि पेपरचे लेखकही अपवाद असू शकतात असं म्हणतात. पण प्रश्न बिनतोड आहे. रसायनशास्त्राच्या बाजूनेही असंच उत्तर आलं. लहान सेंद्रिय रेणूंच्या ज्वलनाची ऊर्जा काढायला किती मोजण्या लागतील याचा सविस्तर हिशेब काही संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. काटकसरीच्या चांगल्या युक्त्या लावूनही क्वांटमला साध्या कॉम्प्युटरवर मात करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चूक वर्गमुळाने न घटता सरळ प्रमाणात घटेल अशा मोजण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांना लांबलचक सर्किटं लागतात, आणि लांब सर्किट आजच्या मशिनवर धड शेवटपर्यंत जात नाही.

आमच्या ग्रुपमधला एकजण यावर म्हणतो, "अगं, मशिन्स स्वस्त होतील की! पेन ड्राइव्ह पण आधी महाग होते." होतीलही. पण दर कंपनी बदलू शकते, वर्गमूळ कंपनीच्या हातात नाही. आणि माळरानाचा घातांक तर कुणाच्याच हातात नाही.

दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा आहे, कारण तो आपल्या लॅबमधला आहे. आपण हे सगळं सिम्युलेटरवर चालवतो आणि सिम्युलेटर फुकट असतो. बरोबर. पण बहुतेक जण वापरतात तो स्टेटव्हेक्टर सिम्युलेटर. त्यात सर्किटची पूर्ण अवस्था मेमरीत असते. ६ क्यूबिट म्हणजे फक्त ६४ कॉम्प्लेक्स नंबर, आणि सरासरी थेट सूत्राने निघते. शॉट नावाची भानगडच नाही! किंवा असं म्हणा, अनंत शॉट फुकट. म्हणून रिपोर्टमधला ग्राफ तुपासारखा घसरत खाली येतो. खऱ्या मशिनचा ग्राफ असा कधीच दिसत नाही, तो रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखा दिसतो. ज्या खर्चामुळे हा विषय अवघड आहे, तोच खर्च आपण पहिल्या पानावर पुसून टाकतो आणि मग 'क्वांटम ॲडव्हांटेज' असं शीर्षक देऊन निष्कर्ष लिहितो. सिम्युलेटरला शॉट्सचा आकडा द्यायला एक ओळ लागते. ती ओळ लिहायला लागली की ग्राफ बिघडतो, सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफ बिघडलेला कुणाला हवाय?

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. टर्मवर्कचे मार्क देताना एक प्रश्न विचारा: हे उत्तर यायला एकूण शॉट किती लागले? सर्किटं किती आणि त्यात दोन क्यूबिटांची गेट्स किती, हेही विचारा. ज्याला उत्तर आठ दशांशांपर्यंत आलं पण शॉट सांगता येत नाहीत, त्याच्यापेक्षा ज्याचं उत्तर दोन दशांशांपर्यंत आलं आणि ज्याने खर्च एक पंचमांश केला, त्याला जास्त मार्क द्यावेत असं मला वाटतं. दुसऱ्याने इंजिनिअरिंग केलं. पहिल्याने लायब्ररी इंपोर्ट केली.

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीआरडीओने जाहीर केलं, की त्यांची पुण्याची यंग सायंटिस्ट लॅब, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्यूबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. सहा! आपल्या लॅपटॉपला ६ क्यूबिट म्हणजे किरकोळ काम. पण अशाच मशिनवर जो माणूस शॉट वाचवायला शिकेल, तोच पुढे मोठ्या मशिनवर वेळ मागायला जाईल तेव्हा त्याच्या अर्जात आकडे असतील. आपल्यापैकी कुणाला तरी हे काम करायचं आहे ना? की आपण सगळे सिम्युलेटरवरच निवृत्त होणार?

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. २०२४ साली आयबीएमच्या फुकट योजनेत महिन्याला १० मिनिटं खऱ्या मशिनवर मिळत होती. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. शॉटला २५० मायक्रोसेकंद आणि मधला वेळ सोडून दिला तर २४ लाख शॉट. हायड्रोजनला प्रत्येक सर्किटला १००० शॉट धरून १४ सर्किटांच्या पद्धतीने १७१ वाचनं होतात, ५ च्या पद्धतीने ४८०, आणि २ च्या पद्धतीने १२००. पुढच्या सेमिस्टरला लॅबमध्ये तीन ग्रुप करावेत, प्रत्येकाला ८ लाख शॉटचं रेशन कार्ड द्यावं आणि हायड्रोजनची ऊर्जा काढायला सांगावं. जो ग्रुप खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळ जाईल त्याला हरलेल्या दोघांनी नाक्यावर कटिंग पाजायची. आमचा ग्रुप तयार आहे, आणि शॉट उसने मिळणार नाहीत हे आत्ताच सांगून ठेवते.